पैशाचे पीक आणि पोटाचे पीक

तुमच्या घरी कणगी आहे का? असली तर तिच्यात आज काय आहे, ते जरा बघून या. मग पुढचे वाचा.

आमच्या घरी दोन कणग्या होत्या. आजोबांच्या वेळी एकीत ज्वारी असे, एकीत बाजरी. आतल्या खोलीत मडक्यांची उतरंड होती. तिच्यात तूर, मूग, मटकी, हुलगा असे काहीबाही राखेत कालवून ठेवलेले असे. पुढे कारभार आमच्या हाती आला. शाळेची नोकरी सांभाळून आम्ही साडेतीन एकर जिरायत रान करीत होतो. हळूहळू सगळ्या रानात सोयाबीन झाले. एक कणगी मोडली. दुसरीत खताची रिकामी पोती राहू लागली. त्याचे आम्हाला वाईट वाटले नाही. उलट चारचौघांत आम्ही म्हणत असू, "कणगीपेक्षा बँक बरी. बँकेला उंदीर लागत नाहीत."

मग आमची सून गरोदर राहिली. पाचव्या महिन्यात तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. नर्सबाईंनी रक्त घेऊन तपासले. रक्तात हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन अकरा तरी असावे लागते. सुनेचे आठ भरले. नर्सबाई आमचीच जुनी विद्यार्थिनी. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, घरी जेवायला काय असतं हो?"

चौतीस वर्षे आम्ही फळ्यावर चौरस आहार लिहून दिला. त्या दिवशी आम्हाला उत्तर सुचेना. त्याच आठवड्यात आमचे अठरा क्विंटल सोयाबीन आडतीवर गेले होते.

घरी येऊन आम्ही चौकशी केली. सकाळी चहा आणि खारी. दुपारी रेशनचा भात, नाहीतर चपाती, आणि बटाट्याचे कालवण. रात्री तेच. ज्वारी महाग झाली म्हणून भाकरी कधीतरी. हिरवी भाजी बाजाराच्या दिवशी. आमटी असे, पण तिच्यात डाळ शोधावी लागे. आम्ही विचारले तेव्हा घरच्या मंडळी म्हणाल्या, "इकत आणलेली डाळ जपूनच वापरायची की. घरची होती तेव्हा कुणी मोजत होतं का?"

म्हणून या पाठात आम्ही हाच विषय घेतला आहे. शेतकऱ्याने विकण्यासाठी पीक काढले म्हणजे त्याच्या हाती पैसा किती येतो, आणि त्या पैशाचे घरातल्या ताटात काय होते?

शेतात पिकेल ते बहुतेक सगळे बाजारात घालायचे, आणि घरी लागेल ते बाजारातून आणायचे, अशा शेतीला व्यापारी शेती म्हणतात. आपण नगदी पीक म्हणतो. ऊस, कापूस, तंबाखू, हळद, द्राक्षे, कांदा, सोयाबीन ही अशी पिके. ज्वारी, बाजरी, तूर हीसुद्धा विकता येतात. पण भाव पडला तर ती घरी खाता येतात. कापूस काही खाता येत नाही.

ही गोष्ट आजची नव्हे. अमेरिकेत १८६१ साली उत्तर आणि दक्षिण भागांत आपसांत युद्ध जुंपले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग त्या गिरण्यांनी आपल्या मुलखाकडे तोंड वळवले. वऱ्हाड-खानदेशात कापसाला कधी नव्हे तो भाव आला. शेतकऱ्याची पत वाढली. सावकार घरी येऊन कर्ज देऊ लागले. १८६५ साली तिकडचे युद्ध संपले आणि इकडे भाव कोसळला. कर्ज मात्र कोसळले नाही. त्यातच सरकारने सारा वाढवला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. हे लोण नगर जिल्ह्यातही गेले. शेवटी १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जासाठी कायदा करावा लागला. आमच्या खेड्यातल्या माणसाने अमेरिका कधी पाहिली नव्हती. पण तिथल्या लढाईने त्याची जमीन सावकाराकडे गेली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्याबरोबरच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना काढला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्यांना वाट दाखवली. १९५० साली तो कारखाना सुरू झाला. त्याचे पाहून राज्यात ठिकठिकाणी कारखाने निघाले. त्यांच्यामागून रस्ते आले, शाळा-कॉलेजे आली, दवाखाने आले. उसाने कितीतरी घरांतली पोरे शिकली. त्यातली काही आम्हीच शिकवली आहेत. तेव्हा नगदी पीक म्हणजे पाप, असे बोलणाऱ्यांत आम्ही नाही. असे बोलणारे बहुतेक पगारावर जगणारे असतात. आता आम्हीही पेन्शनवर जगतो म्हणा.

पण एक आकडा बघा. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून जास्त जमीन होती. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही राहिलेली नाही. सोयाबीन त्या वेळी आपल्याकडे कुणाला ठाऊक नव्हते. आज ते चाळीस लाख हेक्टरांच्या वर पेरले जाते. सोयाबीनचे तेल निघते, आणि राहिलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे आमच्या रानातली सगळ्यात सकस वस्तू कोंबडीने खाल्ली, आणि सून चहा-खारीवर राहिली.

आता दूरच्या एका गावाकडे चला. आफ्रिका खंडात केनिया नावाचा देश आहे. तिथे व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला दक्षिण न्यान्झा म्हणून मुलूख आहे. लोक लहान शेतकरी. मका पिकवतात, आणि त्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा भाजीबरोबर खातात. त्याला उगाली म्हणतात. १९८० च्या सुमारास तिथे साखर कारखाना आला. कारखाना शेतकऱ्याशी करार करी. नांगरट, बेणे, खत कारखाना देई आणि उसाच्या बिलातून कापून घेई. हे सगळे तुम्हाला ओळखीचे वाटेल.

तिथे काही अभ्यासू माणसे गेली. आयलीन केनेडी नावाच्या बाई त्यांच्यात होत्या. उसाची आणि बिनउसाची अशी दोन्ही घरे त्यांनी निवडली. घरात पैसा किती आला, चुलीवर काय शिजले, लहान मुलांची उंची-वजने किती, आजारपण किती, हे सगळे त्यांनी मांडून ठेवले. १९८७ साली त्यांचा अहवाल छापून आला.

त्यात दिसले काय? उसाच्या घरात पैसा जास्त आला. ऊस आला म्हणून लोकांनी मका सोडला असेही झाले नव्हते. घरची खाण्याची टंचाई वाढली नव्हती. उलट घरात अन्न थोडे जास्तच शिजत होते. एवढे वाचून आम्हाला वाटले, चला, बरे झाले. पण पुढे लिहिले होते की, उसाच्या घरातली लहान मुले बिनउसाच्या घरातल्या मुलांपेक्षा उंच नव्हती, की वजनदार नव्हती. पैसा आला, पण तो मुलाच्या अंगी लागला नाही.

असे का व्हावे?

पहिली गोष्ट अशी की, तिथला ऊस तयार व्हायला दीड-दोन वर्षे लागत. तोवर हातात काही नाही. मग एकदम मोठी रक्कम यायची. एकदम आलेला पैसा कुठे जातो, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. घराचे पत्रे, शाळेची फी, लग्न, जुने देणे. ही वाईट कामे नव्हेत. पण मुलाला भूक रोज लागते. रोजच्या भुकेला रोजचा पैसा लागतो, नाहीतर कणगी लागते. आपल्याकडचा आडसाली ऊसही सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ सालचा सरकारी आदेश आहे. तो किती पाळला जातो हे उसवाल्यांना विचारा.

दुसरी गोष्ट, पैसा कोणाच्या हाती? उसाचे बिल घरधन्याच्या हाती पडे. बाईच्या हातचा पैसा म्हणजे परसातली भाजी, थोडा मका, अंडी यांचा. केनेडीबाईंना असे आढळले की, घरातल्या मिळकतीचा जास्त वाटा बाईच्या हाती असला, तर त्या घरात जेवणही जास्त होते. आमच्या पुरुष वाचकांना हे ऐकून राग येईल. आम्हालाही आला होता.

तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे आजारपण. मुलाला हगवण लागली, हिवताप आला, की खाल्लेले अंगी लागत नाही. उसाच्या पैशाने विहिरीचे गढूळ पाणी काही स्वच्छ होत नाही. भांडे कितीही भरा, बुडाला भोक असले तर ते भरायचे नाही.

केनियाची ही हकीकत वाचताना आम्हाला आमची शाळा आठवली. आम्ही मुख्याध्यापक असताना त्या गावाला कालव्याचे पाणी आले आणि पाठोपाठ ऊस आला. दोन-तीन वर्षांत मुलांच्या अंगावर नवे कपडे दिसू लागले. काहींना सायकली आल्या. आम्ही खूश होतो. दर जुलैत मुलांची उंची-वजने रजिस्टरात लिहावी लागत. बागाईतदारांची मुले आता अंगाने भरतील, असे आम्हाला वाटे. तसे काही रजिस्टरात दिसले नाही. एकदा प्रार्थनेच्या वेळी एक मुलगा भोवळ येऊन पडला. मोठ्या वाड्यातला मुलगा. दारात तीन म्हशी. सकाळी काय खाल्ले विचारले, तर म्हणाला, "काळा चहा." आम्ही म्हणालो, "अरे, तीन म्हशी आहेत ना तुमच्या?" तो म्हणाला, "दूध डेअरीला जातं, गुरुजी. आबा एक तांब्या पण ठेवू देत नाहीत." दुधाच्या पैशातून मोटारसायकलचा हप्ता जात होता. त्याच्या वडिलांना आम्ही शाळेत बोलावले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ह्याचा तर आम्ही विचारच केला नाही."

विचार केला तर काय होते, तेही सांगतो. त्यासाठी आणखी लांब जायला हवे. अमेरिका खंडाच्या मधल्या चिंचोळ्या भागात ग्वाटेमाला नावाचा लहानसा देश आहे. डोंगराळ मुलूख. तिथले मूळचे लोक माया जातीचे. त्यांचे खाणे म्हणजे मक्याची भाकरी आणि घेवडा, जवळजवळ आपल्या भाकरी-आमटीसारखे. १९७६ साली तिथे मोठा भूकंप झाला. घरे पडली. पुढे १९७९ साली तिथल्या काही लहान शेतकऱ्यांनी मिळून एक सहकारी संस्था काढली. तिचे नाव क्वात्रो पिनोस. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ होतो चार पाइन वृक्ष. बहुतेकांना एक हेक्टरसुद्धा जमीन नव्हती. त्यांनी परदेशी पाठवण्यासाठी कोवळ्या चपट्या शेंगांचा वाटाणा आणि फुलकोबीसारख्या भाज्या लावल्या. मक्यापेक्षा या वाटाण्यात एकरी फायदा कितीतरी पट होता.

आपण असतो तर सगळे रान वाटाण्याखाली घातले असते. त्या शेतकऱ्यांनी तसे केले नाही. त्यांनी मक्याचा तुकडा राखला. अडाणीपणाने नव्हे, हिशेबाने राखला. वाटाण्याचा भाव कोण ठरवतो? दूरचा व्यापारी. मक्याचा भाव मात्र आपली चूल ठरवते. वाटाण्याच्या पैशातून त्यांनी मक्यालाही खत घातले, मशागत नीट केली. त्यामुळे मका थोड्या जागेत जास्त पिकला. शिवाय संस्थेने नफ्यातला काही भाग दवाखाना आणि आरोग्याच्या कामाला लावला. तिथेही अभ्यासू लोकांनी मोजमाप केले. १९८९ साली ते छापले गेले. संस्थेच्या सभासदांच्या घरात मुलांची खुरटलेली वाढ कमी आढळली.

पुढे १९९५ साली पाने पोखरणाऱ्या माशीच्या कारणाने अमेरिकेने ग्वाटेमालाचा वाटाणा बंदरावर अडवून धरला. तेव्हा ज्याच्या रानात मका होता, त्याला निदान भाकरी विकत आणावी लागली नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली, ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. ते पाच महिने ज्यांच्या चाळीत कांदा होता त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

बाईच्या हातचे पीक पुरुषाच्या हाती कसे जाते, त्याचे एक उदाहरण आफ्रिकेतल्याच गांबिया देशात घडले. तिथे भात म्हणजे बायकांचे पीक. खाचरात त्याच राबत आणि घरी शिजवीत. १९८४ साली पंपाच्या पाण्याची मोठी योजना आली. भात दुपटी-तिपटीने पिकवायचे ठरले. पीक वाढले, हे खरे. पण पैसा दिसू लागताच ते सगळ्या घराचे पीक झाले, म्हणजे घरधन्याच्या ताब्यातले. आपल्याकडेही असेच काही घडले, पण गाजावाजा न होता. ज्वारीत तुरीचे पाटे टाकायचे, कडेला अंबाडी, मधून चवळी, मटकी. हे बी कोण राखून ठेवी? घरातली बाई. ते पेरायचे कुठे, हेही तीच सांगे. सोयाबीन आले, एकजात पेरणी आली, आणि तिचे ते पाटे गेले. तांदुळजा, पाथरी, घोळ या भाज्या तर कुणी पेरीत नसे. खुरपताना बाया त्या ओट्यात भरून आणीत. आता तणनाशक मारतात. तणनाशकाला तण कोणते आणि भाजी कोणती हे कळत नाही.

ज्याला जमीनच नाही, त्याचे काय? फिलिपाईन्स देशात मिंडानाओ नावाचे बेट आहे. तिथल्या बुकिडनॉन भागात १९७७ साली साखर कारखाना आला. ज्यांची जमीन होती त्यांनी मक्याच्या जागी ऊस लावला. त्यांची मिळकत वाढली. पण खंडाने मका करणारी काही कुळे होती. मालकांना ऊस लावायचा होता, म्हणून त्यातल्या काहींचे रान गेले आणि ती मजूर झाली. नफा-तोट्याचे कोष्टक मांडताना असे लोक कोष्टकाबाहेर राहतात. आमच्याकडे दसरा झाला की बीडकडची जोडपी उचल घेऊन कोयत्यावर निघतात. त्यांची पोरे फडाच्या कडेला पाचटाच्या खोपीत राहतात. साखर कुठून येते असे कुणी विचारले, तर आम्ही त्यांचे नाव आधी घेतो.

आता आपल्या ताटाकडे येऊ. सरकारी पाहणीप्रमाणे २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत पस्तीस मुले वयाच्या मानाने बुटकी होती. शंभर बायांत चौपन्न जणींचे रक्त कमी होते. हे सगळे नगदी पिकाने झाले असे नव्हे. ज्वारी पिकत होती तेव्हाही गरिबाचे पोट भरत नव्हते. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आम्ही खाल्ली आहे आणि सुकडीच्या रांगेत उभे राहिलो आहोत. त्यामुळे जुने ते सगळे सोने, असे आमच्या तोंडून निघणार नाही.

पण ताटातला फरक समजून घ्या. पॉलिश केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात एक मिलिग्रॅमही लोह नसते. तेवढ्याच ज्वारीत सुमारे चार असते, बाजरीत सहा. रक्ताला लोह लागते. नाचणीत हाडांना लागणारे कॅल्शियम भरपूर असते. नुसत्या भाकरीत अंग भरणारे जे द्रव्य कमी पडते, ते डाळीत असते. म्हणून भाकरी आणि आमटी ही जोडी आपल्या बायकांनी पुस्तक न वाचता जमवली होती. जेवणावर लिंबू पिळले तर लोह अंगी जास्त लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी लागते. रक्त फार कमी झाले असेल तर मात्र नुसत्या भाकरीवर भागत नाही. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, त्या घ्याव्याच लागतात. पोटात जरा मळमळते म्हणून पुष्कळ बाया त्या खिडकीत ठेवून देतात. आमच्या सुनेनेही ठेवल्या होत्या.

आणि सोयाबीन? त्यात तर डाळीहूनही जास्त कस असतो. पण ते कच्चे खाऊ नये. नीट भाजून किंवा उकडून मग दळावे. गव्हाच्या दहा किलोत एक किलो घातले तर चपातीची चव बिघडत नाही. इतकी वर्षे आम्ही सोयाबीन पिकवले, आणि त्यातले एक पायलीसुद्धा घरी ठेवले नव्हते.

मग आम्ही घरच्या मंडळींना घेऊन हिशेबाला बसलो. तुम्हीही असेच बसा. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो धान्य लागते असे धरा. वर्षाला झाले सव्वासात ते साडेसात क्विंटल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे ज्यांना रेशन मिळते, त्यांना माणशी महिन्याला पाच किलो मिळतात. पाच माणसांना वर्षाला तीन क्विंटल. उरले सव्वाचार-साडेचार क्विंटल. एवढी ज्वारी पाऊसपाणी बरे असले तर जिरायतीत एक एकरात होते. त्यातच तुरीचे पाटे टाकले तर क्विंटलभर तूर मिळते. दिवसाला पाव किलोपेक्षा जास्त डाळ झाली. म्हणजे पोटाचे पीक फक्त एक एकर मागते. उरलेल्या अडीच एकरांत आम्ही खुशाल सोयाबीन पेरावे. ज्याला एकच एकर आहे, त्याने निदान कडेच्या चार तासांत तूर आणि बांधाला शेवगा लावावा.

या एकरभर ज्वारीत पैशाचा तोटा होतो का? कागदावर थोडा दिसतो. पण कागदावर आपण सुगीच्या दिवसांतला विक्रीचा भाव मांडतो. डाळ मात्र आखाडात विकत आणतो. दोन्ही भावांतला फरक आपल्या खिशातून जातो. आणि कडबा कोण धरणार? सोयाबीनच्या भुसाला गुरे तोंड लावतात, पण कडब्याची सर त्याला नाही. गुरे विकली की दूधही गेले आणि शेणखतही गेले.

घरच्या मंडळींनी आणखी एक अट घातली. दुधाच्या पैशाचे खाते सुनेच्या नावावर करायचे, आणि डेअरीला दूध घालण्याआधी एक लिटर घरात काढून ठेवायचे. आम्ही म्हणालो, "एवढंच ना?" तर त्या म्हणाल्या, "एवढंच म्हणता, मग इतकी वर्षं काय झालं होतं?"

सून नीट बाळंत झाली. नात आता चालायला लागली आहे. सहा महिन्यांनंतर तिला वरचे अन्न सुरू केले. नाचणीची पेज, डाळ-भात मऊ करून. अंगणवाडीत तिचे वजन दर महिन्याला होते. आम्ही ते वहीत लिहून ठेवतो. सवय जात नाही.

राहिली एक अडचण. गेल्या वर्षी आम्ही एकरभर रब्बी ज्वारी पेरली आणि ती निम्मी पाखरांनी खाल्ली. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असे. पाखरे थोडी थोडी सगळ्यांची खात आणि कुणाला जाणवत नसे. आता गावात एकट्याचीच ज्वारी असली, तर सगळ्या गावची पाखरे तिथेच पंगतीला बसतात. गोफण घेऊन माळ्यावर बसायला माणूस मिळत नाही. ज्वारी सोडून देण्याचे हेही एक मोठे कारण आहे, आणि ते आकड्यांच्या पुस्तकांत फारसे सापडत नाही. यावर उपाय एकच दिसतो. बांधाला बांध लागून असलेल्या चार-पाच जणांनी एकाच पट्ट्यात ज्वारी करायची आणि राखण पाळीपाळीने वाटून घ्यायची. यंदा आम्ही शेजारच्या तिघांना विचारले आहे. दोघे हो म्हणाले. तिसरा म्हणतो, घरी विचारून सांगतो.